‘छान’ म्हणायचं नाही!

मैत्रिणींनो, आपल्या घरात कुणाला काय आवडतं ते आपल्याला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. ह्यांना आमटी पातळ लागते, सासूबाईंना भाकरी पापुद्रा सुटलेली हवी, थोरल्याला वांगं चालत नाही आणि धाकटीला पोह्यांत शेंगदाणा दिसता कामा नये. पण ‘तुला गं काय आवडतं?’ असं कुणी विचारलं की आपली गडबड उडते. ‘मला काय, काहीही चालतं!’ हे आपलं ठरलेलं उत्तर. तीस वर्षं मी तेच देत आले. ते उत्तर चालत नाही अशी एकच जागा मला भेटली, ती म्हणजे कर्जतमधला आमच्या बाईंचा पियानोचा वर्ग.

हो, पियानोच! कर्जत म्हटलं की गाडीतल्या लोकांना वडा आठवतो, सुट्टीला येणाऱ्यांना पाऊस आणि धबधबे आठवतात, शेतकऱ्यांना इथल्या संशोधन केंद्राचं भाताचं बियाणं आठवतं. पियानो काही कुणाला आठवायचा नाही. आमच्या बाई मूळच्या दादरच्या. तिथल्या शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी इथं नदीजवळ लहानसं घर घेतलं आणि सामानाबरोबर वडिलांचा उभा पियानो टेंपोत घालून आणला. तो उतरवताना बघायला सारी आळी जमली होती. शेजारच्या काकूंना ते देवघराचं कपाट वाटलं. देव कुठं बसवणार म्हणून त्या विचारून आल्या!

आमच्या घरी मुलीचा कॅसिओ होता. तिचं लग्न झालं, ती पुण्याला गेली आणि तो जुन्या साडीत गुंडाळून कपाटावर चढला. विकून टाकू, विकून टाकू म्हणता म्हणता एक दिवस मीच वर्गात नाव घालून आले. वय वर्षं चोपन्न. ह्यांनी पेपरातून डोकं वर काढून ‘बरं’ एवढंच म्हटलं. त्या ‘बरं’चा अर्थ मी अजून लावते आहे.

वर्गात आम्ही पाच जण. मी, माझ्या गल्लीतल्याच बँकेत नोकरी करणाऱ्या वहिनी, खालापूर तालुक्यातल्या चौकहून एसटीनं येणारी कॉलेजातली एक मुलगी, खोपोलीच्या ताई, ज्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झाल्या, आणि एकुलते एक पुरुष म्हणजे रेल्वेतून निवृत्त झालेले भाऊ. भाऊंनी उभा जन्म घाटात इंजिन चालवण्यात घालवला. नातवंडांसाठी आणलेला कीबोर्ड नातवंडांना नको झाला म्हणून ते शिकायला लागले. एकूण काय, आमच्या वर्गातली निम्मी वाद्यं मुलाबाळांनी टाकून दिलेली!

आता मुख्य गोष्ट. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी आमच्याकडे पियानोला हात लावायचा नाही. त्या दिवशी फक्त ऐकायचं. ज्याची पाळी असेल त्यानं जाझमधली एक रेकॉर्ड निवडून आणायची, फोनवरून बाईंच्या स्पीकरवर लावायची आणि ती आपल्याला का आवडली ते सांगायचं. जाझच का? तर बाईंचं म्हणणं असं, की हे पियानोवाल्यांचं संगीत आहे, आणि चाळिशी-पन्नाशीनंतर शिकायला बसलेल्या माणसाला त्यातून धीर येतो. कारण त्यात चाल साधी असते आणि पुढं तिचं काय करायचं ते ज्याचं त्यानं ठरवायचं असतं. एक अट मात्र कडक होती. ‘छान आहे’ असं म्हणायचं नाही. छान, मस्त, गोड हे तिन्ही शब्द बंद. काय ऐकलंत ते सांगा, म्हणायच्या.

पहिल्या शनिवारी बाईंनी खोपोलीच्या ताईंना विचारलं, पुढच्या खेपेला तुम्ही काय आणाल? ताई म्हणाल्या, “मला काय आवडतं ते मलाच माहीत नाही हो. घरात रेडिओ ह्यांच्या हातात असायचा. मग मुलांच्या हातात टेप आला. आता सुनेच्या हातात फोन आहे.” त्या हसतच बोलल्या, पण आम्ही सगळ्या जणी एकदम गप्प झालो. भाऊंनी तेवढ्यात पंख्याकडं बघून घेतलं.

तेव्हा पहिली पाळी भाऊंवर गेली. त्यांनी नावावरूनच रेकॉर्ड निवडली होती : ऑस्कर पीटरसनची ‘नाइट ट्रेन’. १९६२ साली केलेली. पियानो पीटरसनचा, शिवाय मोठं उभं बेस-फिडल आणि ड्रम, अशी तिघांचीच बैठक. रेकॉर्ड संपल्यावर भाऊ म्हणाले, “हा माणूस गाडीतून खूप फिरलेला आहे. चढाला लागताना रेटा कसा वाढवायचा ते त्याला ठाऊक आहे.” बाई खूश झाल्या, कारण ते अगदी खरं निघालं. पीटरसनचे वडील कॅनडात रेल्वेच्या झोपायच्या डब्यांत पोर्टर होते. वाद्य आपलं आपण शिकलेले, आणि मुलांना शिकवण्याबद्दल कडक. पण ऑस्करला पियानोवर खरं बसवलं ते त्याच्या थोरल्या बहिणीनं, डेझीनं. ती स्वतः लोकांच्या घरी कामं करून शिकली आणि पुढं माँट्रियलमधल्या कितीतरी पोरांना तिनं पियानो शिकवला. भावाचं नाव जगभर झालं. बहिणीचं त्या गल्लीपुरतं राहिलं. आम्हां बायकांना ही गोष्ट ऐकून नवल असं वाटलंच नाही.

तुम्हांला ठाऊक असेल, पुण्याकडं जाणाऱ्या बहुतेक गाड्यांना कर्जतला मागून जादा इंजिनं लावतात, भोर घाट चढवायला. त्यांना बँकर म्हणतात. भाऊ त्या बँकरवर होते. त्यांनी आम्हांला पियानोचा डावा हात समजावला तो असा : पुढचं इंजिन म्हणजे उजवा हात, लोकांना तोच दिसतो. मागचं इंजिन म्हणजे डावा. त्यानं जोर लावायचा, पण पुढच्यापेक्षा जास्त कधीच लावायचा नाही. लावला तर मधले डबे दाबले जातात! बाईंनी इतके दिवस कानीकपाळी ओरडून जे सांगितलं ते मला त्या एका वाक्यात कळलं.

चौकची मुलगी म्हणजे आमच्यात सर्वांत तयारीची. तिनं आणली माइल्स डेव्हिसची ‘काइंड ऑफ ब्लू’, १९५९ सालची. त्यातली पहिलीच चीज, ‘सो व्हॉट’. ट्रंपेट डेव्हिसचा, पियानोवर बिल एव्हान्स. आम्ही दोनतीन मिनिटं ऐकली असतील, तोच बँकेतल्या वहिनी, ज्या लग्नाआधी गाणं शिकलेल्या, ताडकन म्हणाल्या, “अहो, हा तर काफी!” सगळे हसले. पण बाईंनी पियानो उघडून सूर दाखवले. गंधार कोमल, निषाद कोमल, बाकी सारे शुद्ध. काफी थाटाचेच सूर! राग नव्हे हं, थाट; नाहीतर जाणकार मला पत्रं पाठवतील. गंमत पुढंच आहे. बत्तीस तुकड्यांचं एक आवर्तन, त्यातले सोळा या षड्जावर, मग अख्खी मांडणी अर्ध्या सुरानं वर सरकते, आठ तुकडे तिथं राहते आणि शेवटच्या आठांना परत घरी येते. षड्ज म्हणजे आपल्याकडं घराचा उंबरा. तो कुणी हलवत नाही. हे लोक तो उचलून शेजारच्या घरात ठेवतात आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं परत आणतात. वहिनींना ते मुळीच पटलं नाही. त्या आजही म्हणतात, की तेवढे आठ तुकडे त्या डोळे मिटून सोसतात.

वहिनींनी स्वतः आणलेली रेकॉर्ड मात्र अशी होती, की तिच्यावरून वर्गात भांडण व्हायचं बाकी राहिलं. कीथ जॅरेटची ‘कोल्न कॉन्सर्ट’. २४ जानेवारी १९७५ ची रात्र, जर्मनीतलं कोल्न शहर. कार्यक्रम ठरवणारी मुलगी अठरा वर्षांची. सांगितलेला पियानो आलाच नाही. रंगमंचावर आला तो सरावाचा, लहान, वरचे सूर किरटे आणि खालचे पोकळ असा. जॅरेट वाजवायला तयार नव्हता. त्या पोरीनं त्याला गळ घातली आणि रात्री साडेअकराला तो बसला. वरचे सूर वाईट म्हणून तो मधल्या पट्टीतच फिरत राहिला, डाव्या हाताचा ठेका पुन्हा पुन्हा धरत राहिला. आधीपासून ठरवलेलं असं फारसं काही नव्हतं. एकट्या पियानोच्या सगळ्यांत जास्त खपलेल्या रेकॉर्डींत आज तिचं नाव घेतात. वहिनी म्हणाल्या, “पाहुणे दारात आणि घरात फक्त दोन बटाटे, तेव्हा जी भाजी होते ना, ती ही.”

भाऊ त्या रेकॉर्डच्या मध्यावर चक्क झोपले. जागे झाल्यावर म्हणाले, “तो मधून मधून कण्हतो कशाला?” आणि ते खोटं नाही, जॅरेट वाजवताना तोंडानं आवाज करतो. वहिनी जाम रागावल्या. माझं मत विचाराल तर मला पहिला भाग आवडतो, पुढं जरा लांबण लागते.

सासूबाईंचं सांगायलाच हवं. वय अठ्ठ्याऐंशी. मी घरी भाजी निवडताना फोन लावून ठेवते तेव्हा पहिले काही महिने त्यांची तक्रार एकच, भांड्यांची मांडणी कोसळल्यासारखं काय ते ऐकतेस! एकदा डेव्ह ब्रुबेकचं ‘टेक फाइव्ह’ लागलं होतं. त्या पलंगावर बसून गुडघ्यावर हातानं ताल धरत होत्या. थोड्या वेळानं हात थांबवून म्हणाल्या, “ह्यांची टिपरी चुकतेय.” मी म्हटलं, चुकत नाही आई, ते पाचचं आहे. तीन आणि दोन. आपल्या झपतालात दोन-तीन, दोन-तीन असतं, त्याच्याच नात्यातलं. त्यांनी बोटांवर मोजलं, मग पुन्हा गुडघ्यावर धरलं, आणि दुसऱ्या दिवशी विचारलं, “ते लंगडं गाणं लाव बघू.” आमच्या घरात ‘टेक फाइव्ह’चं नाव आता लंगडं गाणं असंच आहे. हा ब्रुबेक १९५८ साली मुंबईत वाजवून गेला होता, आणि पुढच्याच वर्षी ही रेकॉर्ड निघाली. तिची चाल मात्र त्याची नव्हे, त्याच्या सॅक्सोफोनवाल्याची, पॉल डेसमंडची.

आणखी एक सासूबाईंचं. ‘ब्लूज’ म्हणजे काय ते मी त्यांना समजावत होते. चार-चार मात्रांचे बारा तुकडे. गाणारा पहिली ओळ म्हणतो, तीच पुन्हा म्हणतो आणि मग तिसऱ्या ओळीत तिचं उत्तर देतो. त्या लगेच म्हणाल्या, “मग तर! जात्यावर आम्ही काय करत होतो? एकीनं ओळ म्हणायची, दुसरीनं तीच म्हणायची. तेवढ्यात पहिलीला पुढचं सुचतं.” मी ते वर्गात सांगितलं तेव्हा बाईंनी वहीत लिहून घेतलं.

पियानोची एक अडचण आहे, ती आपल्या पेटीचीही आहे. ब्लूज गाणारा गळा कोमल गंधार आणि शुद्ध गंधार यांच्या मधे कुठंतरी घोटाळतो. तो मधला सूर पियानोत नाहीच. तिथं एक काळी पट्टी, शेजारी एक पांढरी पट्टी, मधे काही नाही. मींड येत नाही म्हणून पेटीला किती बोल लागले! आकाशवाणीनं १९४० साली तिच्यावर बंदीच घातली होती आणि ती तीसेक वर्षं टिकली. जाझवाल्यांनी काय केलं? काळ्या पट्टीवरून बोट घसरवून पांढरीवर आणायचं, नाहीतर दोन्ही एकदम दाबायच्या. सूर नाही मिळाला, पण त्याची आठवण तरी झाली. हे मला घरी करून बघायला फार आवडतं. तुमच्याकडं कीबोर्ड असेल तर करून बघा. पांढऱ्या एकला षड्ज धरा, मग तुमचा कोमल गंधार काळ्या पट्टीवर येतो.

माझी पाळी आली तेव्हा मी आठ दिवस शोधत होते. आणि मला सापडली लिल हार्डिन. लुई आर्मस्ट्राँगचं नाव तुम्ही ऐकलं असेल, घोगऱ्या आवाजाचा, रुमालानं घाम टिपणारा ट्रंपेटवाला. ही त्याची बायको. पण १९२२ साली तो शिकागोत किंग ऑलिव्हरच्या बँडमध्ये आला, आणि लग्नाआधीपासूनच तिनं त्या बँडमध्ये पियानो वाजवलेला. १९२४ साली त्यांचं लग्न झालं. तू दुसऱ्याच्या हाताखाली किती दिवस राहणार, बाहेर पड, म्हणून त्याच्या मागं लागली ती हीच. १९२५ पासून त्याच्या स्वतःच्या नावानं ‘हॉट फाइव्ह’च्या रेकॉर्डी निघाल्या, त्यांत पियानो तिचा आणि काही चाली तिच्या. पुढं ते वेगळे झाले. मधल्या काळात तिनं शिवणकामाचं शिक्षणही घेतलं. पण लुईचं घर तिनं तोडलं नाही, आणि त्यानंही तिला तोडलं नाही. जुलै १९७१ मध्ये लुई गेला. ऑगस्टमध्ये शिकागोत त्याच्या स्मरणार्थ कार्यक्रम होता, त्यात पियानो वाजवता वाजवता ती कोसळली आणि गेली.

मी हॉट फाइव्हची एक रेकॉर्ड लावली आणि सर्वांना सांगितलं, लुईकडं लक्ष देऊ नका. फक्त पियानो ऐका. तो ऐकू येत नाही! येतो, पण शोधावा लागतो. त्या जुन्या रेकॉर्डिंगच्या खरखरीत मागं कुठंतरी टक-टक, टक-टक, चारी मात्रा भरून काढणारे तिचे कॉर्ड. भात शिजताना झाकणाचा आवाज येतो ना, तसे. ते काढून टाकले तर पुढचे सगळे हवेत लोंबकळतील. “मला हे आवडलं,” मी म्हटलं, “कारण ते ऐकायला मला कष्ट पडले.” बाई काही बोलल्या नाहीत. खोपोलीच्या ताईंनी मात्र रेकॉर्ड पुन्हा लावायला सांगितली, आणि मग तिसऱ्यांदा.

या सगळ्यात ‘हे काय आपलं संगीत आहे का?’ हा प्रश्न घरोघरी आलाच. ह्यांनीही विचारला. त्याचं उत्तर बाईंकडं तयार असतं, कारण त्यांचं बालपण त्यातच गेलं. त्यांचे वडील काळा घोड्याजवळच्या ऱ्हिदम हाउसमधून रेकॉर्डी आणत; ते दुकान २०१६ साली बंद झालं तेव्हा बाई खास बघायला गेल्या होत्या. १९७८ साली धोबीतलावच्या रंगभवनात पहिली जाझ यात्रा झाली, तिला वडिलांबरोबर त्या गेल्या होत्या. सॉनी रॉलिन्ससारखा सॅक्सोफोनवाला उघड्या आभाळाखाली वाजवत होता आणि पुढच्या रांगेत एक आजोबा धोतरात बसले होते, हे त्या नेहमी सांगतात.

पण मुंबईत जाझ त्याच्याही किती आधी आलेलं! १९३५ साली लिऑन ॲबी अमेरिकेतला आपला बँड घेऊन ताजमहाल हॉटेलात आला. मग टेडी वेदरफर्ड हा पियानोवाला इथं राहिला. तो १९४५ साली कलकत्त्याला वारला. त्यांच्याकडून ऐकून ऐकून शिकले ते गोव्याचे वादक. चर्चच्या शाळेत त्यांना लहानपणापासून स्वरलिपी वाचता यायची. रात्री हॉटेलात जाझ आणि दिवसा सिनेमाच्या स्टुडिओत आपली गाणी, असा त्यांचा दिनक्रम. हळदोण्याचा चिक चॉकोलेट हा त्यांतला एक, ट्रंपेटवाला. हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत त्याला. आपल्या सी. रामचंद्रांबरोबर तो काम करी. भगवानदादांच्या १९५१ च्या ‘अलबेला’त तो पडद्यावरही आपला बँड घेऊन दिसतो. त्या वाद्यवृंदांत बायका अगदी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, त्यांत लुसिला पाशेको पियानोवर असत. म्हणजे मैत्रिणींनो, ‘अलबेला’तल्या गाण्यांवर ज्यांनी ज्यांनी मंडपात पाय हलवला त्यांनी जाझ ऐकलेलंच आहे. हे मी ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, “बरं.”

मागच्या पावसाळ्याआधी खोपोलीच्या ताईंना अर्धांगाचा सौम्य झटका आला. वेळेवर उपचार झाले, बोलणं लवकर सुधारलं, चालायला लागल्या. डावा हात मात्र राहिला. बोटं हलत, पण एकेक सुटी उचलत नव्हती. त्यांनी वर्ग सोडला. कीबोर्ड पुतण्याच्या मुलाला देऊन टाकायचं ठरवलं. घरातलेही म्हणाले, आता कशाला दगदग. त्यात कुणाचा वाईट हेतू नव्हता, काळजीच होती. पण ‘आता कशाला’ हे शब्द असे आहेत, की ते ऐकून माणूस पलंगावरच राहतं.

कर्जत-खोपोली गाडीला फार वेळ लागत नाही. पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी, की आली खोपोली. पण गाड्या मोजक्याच. एक चुकली की बसा फलाटावर. मी दर बुधवारी जायला लागले. पहिल्या दोन खेपांना पियानोचा विषयच काढला नाही. खोबऱ्याच्या वड्या नेल्या, सुनेची पाककृती विचारली, इकडचं तिकडचं बोललो. तिसऱ्या खेपेला बाईंनी माझ्याबरोबर निरोप पाठवला, की ताईंना पीटरसनची पुढची गोष्ट सांग.

ती अशी. १९९३ साली, न्यूयॉर्कमध्ये वाजवत असताना, त्याच ऑस्कर पीटरसनला अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू गेली. ज्याच्या डाव्या हाताचा जगभर दरारा, त्याचा डावा हात! दोनेक वर्षं तो बाहेर पडला नाही. मग परत आला. डावा हात पूर्वीसारखा झाला नाही तो नाहीच. पण उजव्या हातावर बहुतेक भार घेऊन, जोडीला चांगली माणसं घेऊन तो पुढं वाजवत राहिला. २००७ साली गेला. त्या नंतरच्या मैफिलींची रेकॉर्डिंगं आहेत. मी फोनवर लावली.

ताईंनी शेवटपर्यंत ऐकलं. म्हणाल्या, “पूर्वीइतकं नाही.” मी म्हटलं, नाहीच. “पूर्वी तो खूप बोलायचा,” त्या म्हणाल्या, “आता मधे जागा ठेवतो.” मग बऱ्याच वेळानं म्हणाल्या, “मला हे जास्त आवडतं.”

मला आवडतं! इतक्या महिन्यांत हे शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकले. आणि खरं सांगू, मला ते पटलं नव्हतं. मला जुना पीटरसनच आवडतो, ‘नाइट ट्रेन’वाला. तसं मी त्यांना सांगितलंही. त्यावर गणिताच्या बाई जाग्या झाल्या आणि अर्धा तास त्यांनी माझ्याशी वाद घातला! सुनेनं आतून येऊन बघितलं, काय चाललंय म्हणून.

‘नाइट ट्रेन’मध्ये ‘सी जॅम ब्लूज’ नावाची एक चीज आहे. चाल ड्यूक एलिंग्टनची, आणि तिच्यात सूर किती, तर दोन! पांढरी एकला षड्ज धरला तर पंचम आणि वरचा षड्ज, बस्स. सारी करामत ते दोन सूर केव्हा वाजवायचे यात. उजव्या हाताच्या दोन बोटांत चाल बसते. बारा तुकड्यांनंतर मात्र मोकळं रान. मनाला येईल ते वाजवा. पुतण्याच्या मुलाला द्यायचा कीबोर्ड अजून खोलीतच होता. मी तो पलंगाजवळच्या टेबलावर ठेवला, ताईंच्या डाव्या अंगाला खुर्ची ओढून बसले आणि डाव्या हाताचे कॉर्ड मी धरले.

आता दर बुधवारी आमचं तेच चालतं. फिजिओथेरपीवाल्या बाई सकाळी येऊन जातात, दुपारी मी. डाव्या हाताचा व्यायाम त्या निमूटपणे करतात, पण वाजवताना डावा हात मांडीवर ठेवतात. गेल्या आठवड्यात पाऊस धो-धो पडत होता, वीज गेली. कीबोर्डात सेल घातलेले म्हणून तो चालू राहिला आणि आम्ही अंधारातच वाजवत बसलो. मोकळं रान आलं. एरवी ताई तिथं थांबून पुन्हा चालीवर येतात, तेच दोन सूर. त्या दिवशी त्या काळ्या पट्टीवर गेल्या आणि बोट घसरवून गंधारावर आल्या. मला इतका आनंद झाला, की मी डाव्या हाताचा जोर वाढवला.

ताई थांबल्या. “अहो,” म्हणाल्या, “भाऊंनी काय सांगितलं होतं? ढकलू नका. मी काय मालगाडी आहे?”